नववा खळगा

आठ ठोके झाले आणि नवव्याला रमाबाईंचा अंगठा मटाराच्या शेंगेवर तसाच राहिला. पुन्हा आठ झाले, शेंगा फुटल्या, दाणे पातेल्यात पडले, आणि नवव्याला अंगठा आपला आपण थांबला. तिसऱ्या खेपेला त्यांनी मुद्दाम घाई करून पाहिली. नाही जमलं. वय वर्षं चौसष्ट, मटार सोलण्यात हयात गेलेली, आणि आता नातीच्या त्या डबीएवढ्या स्पीकरनं हाताला शिस्त लावायची म्हणजे जरा अतीच झालं. पण आवाज मोठा नामी होता. बोथट, थोडा ओलसर, ऐकला की बेंबीच्या मागे कुठेतरी लागणारा. तबला नव्हे, ढोलकी नव्हे, घागर तर नव्हेच. त्या आवाजाच्या मागे एक मोठी रिकामी जागा होती आणि प्रत्येक ठोक्यानंतर ती जागा थोडा वेळ बोलत राही. रमाबाईंना उगाचच आनंद झाला. सकाळपासून विशेष काही घडलं नव्हतं. मुलगा आणि सून ऑफिसला गेले होते, समोरच्या इमारतीला रंग लागत होता, जानेवारीचं ऊन नवीन पनवेलच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत आलं होतं, इतकंच. तरी अंगभर आनंद झाला, शाळेला सुट्टी लागल्यावर व्हायचा तसा.

"काय गं हे? छान आहे," त्या म्हणाल्या.

"खरं सांग हं. नात म्हणून नको," आभा म्हणाली. ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर लॅपटॉप, केसांत पेन्सिल.

"खरंच छान आहे. पण नवव्याला काय होतं? कुणीतरी वाजवायचं विसरतंय का?"

आभानं गाणं थांबवलं आणि ती हसायला लागली. "आजी, तू विचारतेस? तू? अगं, तो तुझ्या नकाशातला नववा खळगा! आठ सापडले, नववा सापडत नाही. म्हणून तिथे आम्ही सगळे थांबतो. अख्खा पीस त्या एका जागेवर उभा आहे. नावच 'नववा' आहे."

रमाबाईंनी शेंग फोडली. दाणे पातेल्यात पडायच्या ऐवजी फरशीवर पडले.

"आणि बेस्ट न्यूज ऐक," आभा म्हणाली. "तो बुजलाय, आणि रविवारी आम्ही तो फोडून उघडणार आहोत. स्नेहलचा निकेशकाका ब्रेकर घेऊन येतोय वर. जनरेटरसकट!"

फरशीवरचे दाणे वेचायला खाली वाकलेल्या रमाबाई बराच वेळ वाकूनच राहिल्या. गुडघे दुखत होते, पण तोंड वर करायची सोय नव्हती. नववा खळगा सापडत नव्हता, यात नवल ते काय? तो नव्हताच. तो कधीच नव्हता. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या भिक्षूंनी नेऱ्याच्या पलीकडल्या डोंगरात ते लेणं खोदलं, त्यांनी खळगे आठ खोदले होते. नववा खोदला होता कुमारी रमा केळकर, कनिष्ठ आरेखक, यांनी, एकोणीसशे पंच्याऐंशी साली, टेबलावर बसून, दुपारी साडेतीनच्या सुमाराला.

हे सगळं दिवाळीच्या साफसफाईत सुरू झालं. कपाटाच्या वर ठेवलेली पत्र्याची नळी आभाच्या हाती लागली आणि तिच्यातून तो पिवळा पडलेला प्रिंट निघाला. अजून त्याला छपाईच्या अमोनियाचा वास होता, निदान रमाबाईंना तरी आला. 'उखळाईचं लेणं, तलविन्यास व छेद.' रेघा अशा की आजही कुणी बोट ठेवावं. आभा खुळावली. तिच्या कॉलेजातली मैत्रीण स्नेहल म्हणाली, अय्या, हे तर आमच्याच डोंगरात हाय, आमची उखळाई! आणि पोरं एका शनिवारी वर जाऊन धडकली. लेणं कुठल्याच यादीत नव्हतं, कसली पाटी नव्हती, कुंपण नव्हतं. आत शेंदूर लावलेला एक दगड, ती देवी, आणि तिच्यासमोर जमिनीत कोरलेले गोल खोल खळगे. गावातले लोक त्यांना उखळं म्हणत. स्नेहलनं त्यातल्या एकाच्या तोंडावर सहज तळवा आपटला आणि तो खळगा बोलला. मग दुसरा. प्रत्येकाची खोली वेगळी, म्हणून प्रत्येकाचा सूर वेगळा. तळव्यानं हात दुखू लागले तेव्हा कुणालातरी सुचलं की रबरी चपलेचा तळ यापेक्षा बरा बसेल. त्यावर स्नेहलचे आजोबा काशीराम आडवे आले. देवीसमोर चप्पल? शेवटी तह झाला तो असा की चपला नव्या कोऱ्या हव्यात, कधीही कुणाच्या पायात न गेलेल्या, आणि आधी एक नारळ फुटला पाहिजे. पनवेलच्या बाजारातून पोरांनी बारा जोड आणले. दुकानदारानं नंबर विचारला तर म्हणाली, कुठलाही द्या, घालायच्या नाहीत. हा किस्सा आभा घरी सांगे तेव्हा रमाबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत. हसत होत्या आणि पुढचा प्रश्न विचारत नव्हत्या, तीच चूक झाली. तेव्हाच विचारायला हवं होतं, बाळ, मोजलेस किती?

काशीराम. हे नाव ऐकलं की त्यांना पोलादी टेपचं थंड टोक आठवे. वरिष्ठ आरेखकाला कावीळ झाली म्हणून नव्या शहराच्या आराखड्याच्या कचेरीनं नाइलाजानं एका बाईला डोंगरावर पाठवलं होतं, 'परिसरातील जुन्या वास्तूंची नोंद' करायला. वय चोवीस. एसटीनं नेऱ्यापर्यंत, पुढे पायी, पाठीवर ड्रॉइंग बोर्ड, आणि टेपचं दुसरं टोक धरायला गावातला हा दोन वर्षांनी मोठा, नुकताच दुसऱ्या मुलाचा बाप झालेला, मुलखाचा अबोल माणूस. तीन दिवस. त्या तीन दिवसांत रमा जितकी सुखी होती तितकी पुढे लग्नात झाली की नाही, ते सांगता यायचं नाही. गुडघ्यांवर रांगत ती दगड मोजत होती. ती आकडा ओरडे, लेणं तो आकडा परत म्हणे, "तेहेतीऽस", आणि काशीराम दाराशी टेप धरून उगाच मान हलवी. दुपारी त्याच्या घरून तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी आली. आपण इथे बसून जे कागदावर मांडतो आहोत ते याआधी कुणीही मांडलेलं नाही, हे तिला भाकरी खाताना कळलं. मोठं काही नव्हतं लेणं. तीन खोल्या, एक ओसरी, आठ खळगे. पण त्याची लांबी, रुंदी, उतार, सगळं आता तिच्या पाटीवर होतं. खाली उतरताना ती चक्क गात होती, आणि तिला गाता येत नव्हतं.

मग ती दुपार. ट्रेसिंग पेपरवर शाईचं काम पुरं होत आलेलं. पाच वाजता कागद साहेबांच्या सहीला, तिथून फाईल मुंबईला. डाव्या भिंतीची एक रेघ सकाळी चुकली होती, ती तिनं ब्लेडनं अलगद खरवडून काढून पुन्हा मारली होती. कागद तिथे पातळ झाला होता, उजेडाला धरला तर दिसे. आणि नेमका तिथे, भिंतीपासून बोटभर अंतरावर, पेनाच्या टोकाशी जमलेला थेंब सुटला. टप. गोल, काळा, चमकदार. पुन्हा ब्लेड लावावं तर कागद आरपार फाटेल. नवा कागद घ्यावा तर चार दिवस. आजूबाजूला सात पुरुष माना खाली घालून काम करत होते आणि त्यांतल्या निदान दोघांना बाईच्या हातून काय होतं ते बघायचं होतं. थेंब वाळेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली. खळगे आतून काळे भरायचे, असा कचेरीचा दंडक होता. थेंब जवळजवळ गोलच होता. कंपासनं कडा सारखी करायला अर्धं मिनिट लागलं. शेजारी तिनं आकडा घातला, नऊ.

इथवर एक वेळ ठीक होतं. पण खाली तक्ता होता, प्रत्येक खळग्याचा व्यास आणि खोली. तिथे रकाना मोकळा कसा ठेवणार? तिनं वरचे आकडे पाहिले. तेहेतीस, तीस, सत्तावीस, पंचवीस, मग एकदम वीस. पंचवीस आणि वीसच्या मध्ये जरा फट वाटत होती. तिनं लिहिलं, बावीस. रांगेत शोभून दिसला. साहेबांनी सही केली. त्याच साहेबांनी पुढे तिच्या निरोपसमारंभात भाषण केलं की रमाताईंच्या ड्रॉइंगवर डोळे मिटून सही करावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रमाबाईही हसल्या, कारण साहेबांनी ती खरंच तशीच केली होती.

एकोणचाळीस वर्षांत रमाबाईंना नववा खळगा फार तर दहा वेळा आठवला असेल. प्रत्येक वेळी त्या स्वतःला सांगत, कोण जातंय तिथे मोजायला. आणि आता पोरं गेली होती मोजायला.

शुक्रवारी सकाळी त्यांनी ठरवलं, चहाबरोबर सांगून टाकायचं. चहा झाला, आभा समोर बसली, आणि रमाबाईंनी तोंड उघडायच्या आत तिनंच वही पुढे सरकवली. "आजी, तुला एक जादू दाखवते. खोलीवरून सूर काढता येतो. हा पहिला, तेहेतीस सेंटिमीटर, हा आपला सा. आता नववा बघ. बावीस. तेहेतीसच्या दोन तृतीयांश. म्हणजे काय? पंचम! करेक्ट पंचम! बाकीच्या आठांत सगळं आहे, पंचमच नाही. आजी, दोन हजार वर्षांपूर्वी कुणालातरी हे ठाऊक होतं. ते उगाच भात कांडत नव्हते तिथे." तिचे डोळे असे चमकत होते की रमाबाईंनी वहीवर नजर ठेवली. फट दिसली म्हणून भरली होती, पोरी. आकड्यांच्या रांगेतली फट. ती सुरांच्या रांगेतही फटच निघाली यात माझं काही कर्तृत्व नाही. हे त्यांच्या जिभेच्या टोकावर आलं आणि तिथेच बसलं. वर मेल्या मनाला एक लाजिरवाणी गुदगुली झाली. पंचम! म्हणजे थाप मारली ती सुद्धा सुरात मारली. त्या स्वतःवर इतक्या चिडल्या की दुपारी भाजीत दोनदा मीठ पडलं.

चीड, लाज, भीती हे तर होतंच. पण या सगळ्याच्या खालून ते गाणं वाजत राहिलं होतं, त्याचं काय करायचं? भाजी आणायला सेक्टरच्या मंडईत गेल्या तर पायऱ्या आठ-आठच्या हिशेबानं उतरत होत्या आणि नवव्या पायरीवर थांबत होत्या. मागून येणारा मुलगा "आजी, बरं वाटत नाही का?" म्हणाला, तेव्हा त्या "उत्तम वाटतंय" म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. ती थांबायची जागा त्यांना आवडू लागली होती. आठ ठोक्यांत सगळं सांगून झालेलं असे आणि मग कुणीतरी दाराशी येऊन उभं राहावं तशी ती जागा येई. आपण सांगितलं की ती जाणार. पोरं म्हणणार, नववा नाहीच तर थांबायचं कशाला? आठाचा ताल करणार, चारचौघांसारखा. आणि आभाचं तोंड. तिच्या मित्रांपुढे ती आजीला 'आमची नकाशावाली आजी' म्हणते, मान वर करून म्हणते. नाही सांगितलं तर? तर रविवारी एक धडधडणारं लोखंडी टोक दोन हजार वर्षांच्या दगडात घुसणार, जिथे काही नाही तिथे, शोधत शोधत, आणि पोरं म्हणणार अजून थोडं खाली, अजून थोडं बाजूला. त्या दगडावर आपण रांगलो आहोत. त्याची प्रत्येक वीत आपल्याला माहीत आहे.

शनिवारी त्यांनी आडवाटेनं प्रयत्न करून पाहिला. निकेशला फोन लावला. निकेश काशीरामांचा धाकटा, उलव्याला इमारतींचे पाये खोदून देण्याचा त्याचा धंदा, माणूस लाघवी.

"निकेश, दगड जुना आहे रे. तडा गेला तर?"

"मावशी, तुमी टेन्शन घेऊ नका. माझा ऑपरेटर कातळ असा सोलतो ना, जशी कैरी सोलावी. नववा खळगा तुमाला जसाच्या तसा काढून देतो. आमच्या बाबांच्या पन लई मनात हाय."

"काशीरामांच्या?"

"मग! त्यांनीच तर जागा दाखवली पोरांना. बोलले, हितंच व्हता, माझ्या आयेनं बुजवला."

रमाबाईंनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसल्या. काशीरामांच्या आईनं बुजवला? काय बुजवलं? क्षणभर त्यांना खरोखरच वाटलं की असेल बाई, नववा असेल, आपणच मोजायला चुकलो असू आणि थेंब नेमका त्याच्यावर पडला असेल. केवढी सोय झाली असती! अर्धा तास त्या या सोयीत आरामात बसल्या. मग त्यांना आठवलं की तिसऱ्या दिवशी निघण्याआधी त्यांनी लेण्याची जमीन ओल्या फडक्यानं पुसून घेतली होती, बोटानं चाचपली होती. तिथे सपाट कातळ होता, तळहातासारखा. सोय संपली.

रविवारी निकेशच्या गाडीतून नेऱ्यापर्यंत, पुढे चढ. आभा हात द्यायला मागे थांबे आणि रमाबाई तो झिडकारत. वर पोचल्या तेव्हा धाप लागली होती, आणि लेण्याच्या तोंडाशी पांढऱ्या टोपीतले काशीराम उभे होते. पूर्वी दाराशी उभे असत तसेच, फक्त हातात टेप नव्हता.

"बाई, वलखलं का?" ते म्हणाले.

"वजन वाढलंय तुमचं," रमाबाई म्हणाल्या, आणि दोघंही पोरांसारखी हसली.

आत ब्रेकर भिंतीला टेकवून ठेवला होता, पिवळा, नवा. त्याचा ऑपरेटर बाहेर सावलीत विडी ओढत होता. जमिनीवर डाव्या भिंतीपासून मोजून खडूनं एक वर्तुळ काढलेलं. मोजमाप अचूक होतं, नकाशाबरहुकूम. रमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि पाहायचं थांबवलं. "आधी वाजवू या," आभा म्हणाली. "उघडायच्या आधीचं शेवटचं. मग आजी नारळ फोडणार." अथर्व नावाच्या एका उंच मुलानं माइक लावला आणि ओठांवर बोट ठेवलं. आभा, स्नेहल आणि आणखी दोघं खळग्यांपाशी मांडी घालून बसली, हातात निळ्या पट्ट्यांच्या कोऱ्या चपला.

घरच्या डबीतून जे ऐकलं होतं ते काहीच नव्हतं. पहिला ठोका पडला, तेहेतीस, आणि रमाबाईंच्या पायाखालचा दगड तो म्हणाला. दुसरा भिंतीतून आला. तिसरा मागच्या खोलीत जाऊन परत आला. चाळीस वर्षांपूर्वी ज्या आकड्यांना त्यांनी एकेक करून हाक मारली होती ते सगळे आता एकामागून एक हजेरी देत होते, तीस, सत्तावीस, पंचवीस. हे आपण लिहिलं होतं! आपल्याला सूर कळत नाही, आपण फक्त खरी खोली लिहिली होती, आणि ती मुलं ती वाचून दाखवत होती. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. आठवा पडला. नवव्याला चार चपला हवेत थांबल्या. बाहेर डोंगरावर कुठेतरी भारद्वाज हुंकारत होता, उतरणीला लागलेलं एक विमान खूप लांब गुरगुरत होतं, काशीरामांच्या श्वासात घरघर होती, हे सगळं त्या एवढ्याशा जागेत मावलं. मग पुन्हा पहिला. रमाबाईंनी डोळे मिटून घेतले आणि त्या इतक्या आनंदात होत्या की गाणं संपलं तेव्हा आपल्याला घाबरायचं होतं हेच विसरल्या होत्या.

निकेशनं त्यांच्या हातात नारळ दिला. "मावशी, नकाशा तुमचा, मान तुमचा. तुमी फोडा, मग आमी मशीन लावतो."

नारळ जड होता. रमाबाईंनी खडूच्या वर्तुळाकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "इथे काही नाही."

"इथंच हाय मावशी, तीनदा मोजलं."

"मोजलं बरोबर. इथे खळगा नाही. कधीच नव्हता. माझ्या पेनातून शाईचा थेंब पडला होता, मी त्याचा खळगा केला." लेण्यानं त्यांचं वाक्य परत म्हटलं, शेवटचा शब्द जरा लांबवून, आणि त्यांना वाटलं, आता कुणी ऐकलं नाही असं व्हायला नको. "बावीस हा आकडाही मी मनानं घातला. रांगेत बरा दिसला म्हणून. माझी चूक आहे. आभा, मला गुरुवारीच सांगायला हवं होतं."

मग दाराशी उभे असलेले काशीराम खाली बसले, जमिनीला हात टेकून, हळूहळू, आणि म्हणाले, "मग मी काय पायलं?"

"बाबा, तुमी तर बोललात तुमच्या आयेनं बुजवला!" निकेश म्हणाला.

"बोललो ना." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पोरांनी कागद दाखवला. नऊ लिवलेलं. मी जल्मापास्नं आठ मोजतो. पन बाईंनी लिवलं हाय, शिकल्याली मान्सं, त्यांचं कसं चुकंल? माजंच चुकलं असंल. मंग आठवाया लागलो. आठवून आठवून आय दिसाया लागली बुजवताना. चिकनमाती घेऊन, पदर खोचून. परवा तर तिचा लुगड्याचा रंग बी दिसला." ते रमाबाईंकडे बघून एकदम हसू लागले, खांदे हलवत, आवाज न करता. "हिरवा व्हता, बाई!"

त्या हसण्याला लेण्यानं हात दिला आणि मग कुणालाच आवरेना. निकेश ब्रेकरच्या दांड्यावर डोकं टेकून हसत होता. "जनरेटर वर चढवाया चार मान्सं लागली," एवढंच त्याला मधून मधून म्हणता येत होतं. रमाबाईही हसत होत्या, नारळ पोटाशी धरून, आणि हसता हसता त्यांना दिसलं की आभा हसत नाही. ती खडूच्या वर्तुळापाशी बसली होती. तिनं तळहात आत ठेवला होता, सपाट कातळावर.

हसू विरत गेलं. रमाबाई तिच्यासमोर बसल्या. गुडघे कडकडले. आयुष्यात साहेबांना, नवऱ्याला, मुलाला, कुणालाही त्या 'माझं चुकलं' म्हणाल्या नव्हत्या, तशी वेळच येऊ दिली नव्हती. आता एकाच सकाळी दुसऱ्यांदा म्हणायची पाळी होती. पोरीनं तीन महिने घातले होते. रात्रंदिवस कानाला यंत्रं लावून ती या एका जागेसाठी झुरली होती, आणि ती जागा म्हणजे एका घाबरट मुलीनं झाकलेला डाग.

"म्हणजे भिक्षूंनी ती जागा ठेवलीच नव्हती," आभा म्हणाली.

"नाही गं."

"मी सगळ्यांना सांगत होते, आम्ही काही केलेलं नाही. त्यांचंच आहे, आम्ही फक्त ऐकलं. ती थांबायची जागा मी किती वेळा बसवली माहितीये? पहिल्यांदा फार लांब झाली होती. मग फार छोटी. स्नेहल म्हणायची, पुरे आता. पण मला वाटायचं, त्यांची आहे ना, नीट यायला हवी." ती बोलता बोलता थांबली. हात अजून दगडावरच होता. तिच्या चेहऱ्यावर काय चाललं आहे ते रमाबाईंना कळेना, आणि मग कळलं, कारण ते फार हळू पण सगळीकडून आलं. "आजी. म्हणजे ती आमची आहे?"

"काय?"

"ती जागा! त्यांची नाही तर कुणाची? ऐकण्यासारखं त्या पीसमध्ये तेवढंच तर आहे. आणि ते त्यांनी केलेलं नाही. ते आम्ही केलं." ती उठली, पुन्हा बसली. "आणि तू. थेंब तुझा."

"आता आठाचा करा ताल," रमाबाई घाईनं म्हणाल्या. "खोटं कशाला ठेवायचं? लोकांना सांगा, नकाशा चुकला होता म्हणून."

"सांगूच ना," स्नेहल म्हणाली. "सगळं सांगू. हिरवं लुगडं पन सांगू. पन थांबायचं नाय म्हंजे? आजी, मघाशी तुमी सोता थांबला होता, मी पायलं. तुमचा श्वास थांबला होता."

निकेशनं ऑपरेटरला हाक मारून मशीन खाली न्यायला सांगितलं. काशीरामांनी रमाबाईंच्या हातातून नारळ घेतला आणि देवीपुढच्या दगडावर एका फटक्यात फोडला, "फोडायचा तर हायच," असं म्हणून. खोबरं वाटलं गेलं. अथर्वनं विचारलं, पुन्हा एक टेक घ्यायचा का, आता सगळे जरा रिलॅक्स आहेत. मुलं आपापल्या खळग्यांपाशी बसली. आभानं पायानंच खडूचं वर्तुळ पुसलं, पुरतं पुसलं गेलं नाही, आणि ती म्हणाली, "आजी, तू इथे बस."

"मी काय करू बसून?"

"नववा तुझा. आम्ही आठ वाजवणार आणि थांबणार. किती थांबायचं ते तू ठरव. तू मान हलवलीस की पहिला."

"अगं, मला ताल कळत नाही!"

"मला तरी कुठे बावीसचा आकडा घालता आला असता?"

रमाबाई बसल्या. दगड थंड होता. तेहेतीसनं सुरुवात झाली, तीस, सत्तावीस, त्यांच्या दोन्ही मांड्यांतून सूर वर येत होते, एकेक करून सगळे आले, आठवा आला आणि गेला. चार चपला हवेत थांबल्या. चार चेहरे त्यांच्याकडे वळले. निकेश बघत होता, काशीराम तोंडातलं खोबरं चावायचे थांबले होते. चाळीस वर्षांत रमाबाईंची कुणी इतक्या आतुरतेनं वाट पाहिली नव्हती. साधारण इतकं थांबायचं हे त्यांना पाठ झालं होतं, अंगठ्यालाही ठाऊक होतं. ते इतकं झालं. त्यांनी मान हलवली नाही. स्नेहलच्या भुवया वर गेल्या. आभाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू जमायला लागलं. अजून थोडं, रमाबाईंनी स्वतःला सांगितलं. अजून एवढंसं. मग त्यांनी मान हलवली.